काचेवरचा दाणा

माझे वडील साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे दोन माणसं उंच, बंद तोंडाचं भांडं. आटवलेला रस त्यात येतो, आतली हवा ओढून घेतल्यामुळे कमी उष्णतेवर उकळतो आणि तीन-चार तासांत त्यात साखरेचा दाणा तयार होतो. पॅनमन एक पितळी दांडा पॅनच्या पोटात खुपसतो, खाचेत आलेला घट्ट पाक काचेच्या पट्टीवर बोटानं पसरतो आणि ती काच दिव्यासमोर धरून बघतो. दाणा केवढा झाला, सारखा आहे का, आणखी पाक सोडायचा की थांबायचं, हे त्या एका नजरेत ठरतं. सगळ्यात भीती असते ती खोट्या दाण्याची. चांगला दाणा वाढत असताना मध्येच पिठासारखा बारीक नवा दाणा उठला आणि तो वेळेवर दिसला नाही, तर पुढं यंत्रात साखर मळीपासून वेगळी होत नाही. अख्खा पॅन पुन्हा विरघळवावा लागतो.

अण्णा काच बघताना डावा डोळा मिटत. वीस वर्षं असा मिटून मिटून डाव्या गालावर सुरकुत्यांचं जाळं झालं होतं आणि उजवा गाल सपाट राहिला होता. आई म्हणायची, "एका अंगानं म्हातारा, एका अंगानं तरना. मी कुन्या अंगाला बसू?"

पारनेरकडच्या कोरडवाहू गावातून ते कारखान्याच्या उभारणीच्या वेळी पाया खणायला आले होते. नंतर पॅनवर काचा धुवायला लागले. उत्तरेकडचा एक म्हातारा उस्ताद तेव्हा पॅन चालवायचा. त्यानं टाकलेल्या काचा धुण्याआधी अण्णा त्या दिव्यासमोर धरून बघत, आणि तसं बघत बघतच शिकले. अक्षर त्यांना सहीपुरतंच येई. त्यांच्या जिवावर मी नगरला राहून बी.एस्सी. झालो आणि त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागलो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. चाळीत पेढे वाटताना अण्णा म्हणाले होते, "आता बाप पॅनमदी साखर करनार, अन् लेक कागदावर."

बहात्तरच्या दुष्काळातला तो हंगाम. प्रवरेच्या कालव्याला पाणी नव्हतं. गाडीत येणारा ऊस हातात घेतला तर काडीसारखा हलका लागायचा. कारखान्यात काहीही बिघडलं की सगळे उसाकडे बोट दाखवत. बॉयलरवाले म्हणत भुस्सा ओला आहे, गाळण्यावरचे म्हणत रस घाण आहे. त्यामुळे अण्णांनी पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

"औंदाचा दाना वाकडा हाय," ते म्हणाले.

त्यांनी काच धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मग दिव्याला नावं ठेवली. वायरमनकडून मोठा दिवा बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाले की मोठ्या दिव्यानं मधोमध धूर दिसतोय, जुनाच बरा होता.

मी त्यांच्या पॅनमधला नमुना प्रयोगशाळेत नेऊन भिंगाखाली पाहिला. दाणा चौकोनी, धारदार, एकसारखा होता. तसं सांगितलं तर ते हसले. "तुझं भिंग कालेजातलं. त्याला दुस्काळी ऊस काय ठावं?"

मला तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. भिंगात सरळ दिसणारी गोष्ट त्यांना वाकडी दिसत होती. पण अण्णांची नजर चुकेल ही गोष्टच आमच्या घरात नव्हती. मीही उसालाच दोष दिला.

नंतरच्या आठवड्यात त्यांनी उतरवलेला पॅन यंत्रात अडकला. यंत्र गरगर फिरलं, पण मळी बाहेर पडेना. आत चिखलासारखा लगदा राहिला. नमुना भिंगाखाली धरला तर मोठ्या दाण्यांच्या मध्ये सगळीकडे पीठ. सगळा माल परत विरघळवावा लागला.

चीफ केमिस्ट साहेबांनी मला खोलीत बोलावून दार लावलं. ते कडक होते, पण खोटं बोलणारे नव्हते. मला नोकरी देताना त्यांनी शिफारशीची चिठ्ठी बाजूला सारून माझी तोंडी परीक्षा घेतली होती. त्याचे उपकार मी अजून मानतो.

"तुमचे वडील घेतात का?"

"नाही साहेब. सुपारीसुद्धा खात नाहीत."

"झोप लागते का पॅनवर?"

"नाही."

"मग एवढं पीठ त्यांना दिसलं कसं नाही?"

त्यांनी नमुन्याची बाटली माझ्यापुढं सरकवली.

"आणखी एक पॅन असा गेला तर मला त्यांना पॅनवरून उतरवावं लागेल. मला ते नको आहे. उद्या तुम्ही प्रयोगशाळेत बसू नका. त्यांच्याजवळ उभे राहा आणि काय दिसतं ते मला येऊन सांगा. केमिस्ट म्हणून सांगा."

त्या दिवशी घरी जेवताना माझं लक्ष ताटात नव्हतं. अण्णा मात्र नेहमीसारखे भाकरी चुरून खात होते. वर म्हणाले, "त्या मशीनवाल्यांनी पानी मारलं न्हाई येळंवर. नाव माझं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळपाळी होती. मी लोखंडी जिना चढून वर गेलो तेव्हा दाणा धरून तास होऊन गेला होता. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. वाफेच्या झडपा सांभाळणारा त्यांचा मदतनीस, चाळिशीचा थट्टेखोर माणूस, म्हणाला, "या की सायेब! आज बापाची परीक्षा हाय जनू?"

त्यानं थट्टेत म्हटलं होतं. पण अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांना कळलं. ते पॅनकडे वळले. दांडा खुपसला, पाक पसरला, डावा डोळा मिटला, काच धरली.

"ब्येस हाय," ते म्हणाले.

त्यांच्या खांद्यावरून मीही तीच काच बघत होतो. माझी नजर काही पॅनमनची नव्हती, तरी दाण्यांच्या मध्ये काहीतरी धुरकट मला दिसल्यासारखं वाटलं. खात्री नव्हती. बोललो आणि चुकलो तर बापाचा अपमान, तोही मदतनिसासमोर. न बोललो तर पॅन जाणार आणि त्यासोबत अण्णांचं पॅनवर उभं राहणंही.

"अण्णा, जरा दुसऱ्या डोळ्यानं बघा."

"काय?"

"डाव्यानं. एकदाच."

"वीस वरसं ह्या डोळ्यानं कारखाना चालवला. तू मला आता डोळा शिकीव!"

"एकदाच बघा. मग मी खाली जातो."

मला घालवायला म्हणून त्यांनी बघायचं ठरवलं. पण उजवा डोळा एकटा मिटायला गेले तर दोन्ही मिटले. पुन्हा प्रयत्न केला, तर तोंड वाकडं झालं आणि डावाच मिटला. त्या पापण्यांना ते कधी शिकवलंच नव्हतं. मदतनीस हसायला लागला. दोन्ही हातांत दांडा आणि काच होती, त्यामुळे हातानं डोळा झाकताही येईना. मी पुढं झालो आणि माझा तळहात त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडाला असा हात लावत होतो. पापणीची फडफड तळव्याला लागत होती. त्यांनी काच दिव्यासमोर नेली. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यांचं सगळं अंग ताठ झालं.

"पानी! गरम पानी सोड! वाफ कमी कर, पाक बंद कर, बंद कर म्हन्तो ना!"

मदतनिसाचं हसू जागच्या जागी गेलं. तो झडपांकडे धावला. पॅनच्या काचेच्या खिडकीआड पाक उसळत होता. अण्णांनी दांडा पुन्हा खुपसला, नवी काच लावली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हात काढू नगंस." मी हात धरून उभा राहिलो. काच, पाणी, काच, पुन्हा पाणी. किती वेळ गेला ते कळलं नाही. माझा हात खांद्यापासून भरून आला होता. शेवटी त्यांनी काच माझ्यासमोर धरली. पीठ विरघळलं होतं.

मग त्यांनी माझा हात बाजूला केला आणि तीच काच उजव्या डोळ्यानं पाहिली. डाव्यानं पाहिली, मी हात ठेवून. पुन्हा उजव्यानं. काच खाली ठेवून ते जवळच्या लोखंडी कठड्याच्या गजांकडे बघत राहिले.

"हे गज वाकडं हायत का रं?"

"नाही अण्णा."

"मधीच पोट आल्यावानी दिसत्यात."

त्यांचा डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, पाणी येत नव्हतं. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घेत होता, म्हणून चालता-बोलताना काहीच कळलं नव्हतं. वाकडेपणा दिसायचा तो फक्त काचेवर, आणि काचेवर तर दुष्काळी ऊस होता.

मी जे पाहिलं ते साहेबांना सांगितलं आणि त्यांनी दोन दिवसांची रजा दिली. आई म्हणाली, "डोळ्यात दूध घाला, उष्णता हाय." अण्णांनी घालू दिलं नाही. मी त्यांना घेऊन एस.टी.नं नगरला गेलो.

डोळ्यांचे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी थेंब घालून दीड तास बसवून ठेवलं, मग अंधाऱ्या खोलीत नेऊन छोट्या दिव्यानं डोळ्याच्या आत बराच वेळ पाहिलं. बाहेर आले ते थेट दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब घ्यायला लागले. पारा बघून त्यांनी ओठ आवळले.

"डोळ्याच्या आत, पाठीमागे एक नाजूक पडदा असतो," ते म्हणाले. "आपण जे बघतो ते त्यावर उमटतं. त्या पडद्यातलं रक्त परत नेणारी एक शीर तुंबली आहे. रक्त मागं साचलं, थोडं बाहेर आलं, आणि शिरेतलं पाणी झिरपून पडद्याच्या नेमक्या मध्यावर सूज आली आहे. पडदाच फुगला म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते."

मी बी.एस्सी. होतो, पण मला अर्धंच समजलं. अण्णांना पूर्ण समजलं.

"म्हंजी पाइप चोकप झाला," ते म्हणाले, "अन् दाब वाढून जॉइंटातनं गळती लागली."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. "अगदी तसंच."

"आमी अशा वक्ताला वाफ मारून पाइप मोकळा करतो."

"इथं वाफ मारता येत नाही, बाबा."

"मग?"

"मुंबईला प्रकाशानं डाग देण्याचं यंत्र आल्याचं ऐकतो. पण तुमची सूज मधोमध आहे. तिथं डाग दिला तर राहिलेली नजर जाईल. मी तुम्हाला पाठवणार नाही. रक्तदाब खाली आणायचा, मीठ बंद, गोळ्या चुकवायच्या नाहीत. सूज कधी कधी आपोआप ओसरते. आणि डावा डोळा जपायचा. दाब असाच राहिला तर उद्या त्यातही हेच होईल."

अण्णांनी विचारलं, "दाना परत सरळ दिसंल का?"

"मी वचन देणार नाही. तीन महिन्यांनी या. मध्येच डोळा ठणकला, लाल झाला, तर त्याच दिवशी या. अशा डोळ्यात नंतर वेड्यावाकड्या नव्या शिरा फुटतात कधी, मग डोळाच वाचत नाही."

थेंबांमुळे बाहेरचं ऊन त्यांना सहन होईना. बसमध्ये त्यांनी उपरणं डोळ्यांवर ओढून घेतलं आणि उपरण्याआडूनच बोलले.

"सायेबाला सांग, चष्म्याचा नंबर हाय. हंगाम संपंस्तवर एवढंच सांग."

मी तिकिटांची घडी घालत राहिलो.

"आइकतोस ना? डाव्यानं बघीन मी. कापडाची पट्टी बांधीन. पॅनवरनं एकदा उतरलो की वर कोन चढू देत न्हाई."

"पॅन गेला तर?"

"जानार न्हाई."

आम्ही घरी आलो. रात्रभर मी कूस बदलत होतो असं म्हणणार नाही. मी थकून झोपलो. पण सकाळी उठलो तेव्हा ठरलं होतं. साहेबांच्या खोलीत जाऊन डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. साहेबांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "खाली थंड करायच्या टाक्यांवर घेतो त्यांना. पुढच्या हंगामाआधी मी स्वतः बघेन." त्यांनी माझं कौतुक केलं नाही, ते बरं झालं.

संध्याकाळी अण्णा घरी आले. चप्पल काढता काढताच म्हणाले, "तुला शिकवलं ते माझ्या नावावर नापास लिवायला?"

आई मध्ये पडली. "अवो, पोरानं डोळा वाचीवला तुमचा."

"डोळा कुठं वाचलाय अजून?"

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. सांगायचं असलं की आईमार्फत. मी समोर बसलेला असलो तरी, "त्याला म्हनावं, गोळ्या संपल्यात."

ते तीन महिने आम्ही कान टवकारून काढले. आई रोज पहाटे विचारी, "ठनकतोय का?" ते "न्हाई" म्हणत. अळणी कालवणाला तोंड वेंगाडत, पण खात. कधी कधी मला ते खिडकीसमोर उभे दिसत. डावा डोळा मिटून गज बघत. एकदा त्यांनी डोळा चोळला तर आई हातातली परात टाकून धावली. कुसळ गेलं होतं.

उन्हाळ्यात पुन्हा नगरला गेलो. डॉक्टरांनी आधी रक्तदाब घेतला, मान हलवली. मग अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले.

"नव्या शिरा नाहीत. डोळा राहील. डावा स्वच्छ आहे." मग जरा थांबून म्हणाले, "सूज कडेची ओसरली. मधली फार दिवस राहिली, तिथं पडदा दुखावला आहे. रेघ थोडी वाकडीच दिसणार आता. वाचन-बिचन त्या डोळ्यानं नाही."

"दाना?"

"दाणाही नाही."

अण्णांनी हात जोडले. बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी शेंगा घेतल्या, त्यांच्यासमोर धरल्या. त्यांनी चार घेतल्या, एवढंच.

पावसाळाभर त्यांनी घरात शाळा मांडली. आईनं उजव्या डोळ्यासाठी जुन्या धोतराची पट्टी शिवली. साखर चाळून वेगवेगळ्या दाण्याची करायची, कधी त्यात चिमूटभर दळलेली साखर मिसळायची, तेलात कालवून काचेवर पसरायची, आणि त्यांनी डाव्या डोळ्यानं ओळखायची. काच तयार करायचं काम माझं. "त्याला म्हनावं, आता फसवून कर." आई साखरेच्या डब्याकडे बघून कपाळाला हात लावी. महिनाभरात ते क्वचितच चुकत.

हंगाम सुरू झाला. बॉयलर पेटला आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी त्यांना पॅनवर बोलावलं. दुसऱ्या पाळीचा तिशीतला पॅनमन तिथं होता. एके काळी अण्णांनीच त्याला शिकवलं होतं. साहेबांनी सांगितलं, "पॅन हाच चालवेल. तुम्ही काच बघा आणि काय करायचं ते मोठ्यानं बोला." मी नमुन्याची बाटली घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. मला तिथं उभं राहायची परवानगी कोणी दिली नव्हती, कोणी हटकलंही नाही.

अण्णांनी पट्टी बांधली. काच धरली.

"दाना सारखा हाय. पाक सोड."

साहेबांनी भिंगातून पाहिलं. "बरोबर."

अर्ध्या तासानं पुन्हा. "जरा थांब. दाटायलंय." पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदाही. मी बाटली या हातातून त्या हातात घेत होतो. यंदाचा ऊस चांगला होता, पाऊसही झाला होता. दोष द्यायला काही उरलं नव्हतं.

चौथी काच. अण्णांनी ती दिव्यासमोर धरली, तिरकी केली, जवळ नेली. पॅनमध्ये पाक उसळत होता. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्यांनी काच आणखी थोडी फिरवली.

"पानी," ते म्हणाले.

साहेबांनी भिंग लावलं. "बरोबर आहे. नुकताच उठतोय."

पण अण्णा साहेबांकडे बघत नव्हते. तरुण पॅनमनचा हात गरम पाण्याच्या झडपेवर होता. त्यानं स्वतःची काच केव्हाच पाहून, अण्णा बोलायच्या आधीच, झडप अर्धी उघडली होती. पकडल्यासारखा तो चपापला आणि हात मागं घेऊ लागला.

"ऱ्हाऊ दे, सोड पानी," अण्णा म्हणाले. त्यांनी पट्टी सोडली. "सायेब, मला दिसतंय सगळं. पर दिसल्यावर वळखायला येळ लागतोय. उजव्याला लागत नव्हता. तेवढ्या येळात पॅन जातो."

"अजून थोड्या दिवसांनी..." साहेब म्हणाले.

"न्हाई सायेब. ह्याचा हात माझ्या आधी गेला." आणि त्यांनी आपल्या हातातली काच त्या पॅनमनच्या हातात दिली.

साहेबांनी कोपऱ्यातलं स्टूल पायानं पॅनजवळ ओढलं. "ह्या पाळीला तुम्ही इथं बसायचं. त्याला काही अडलं तर सांगायला."

अण्णा लगेच बसले नाहीत. मागं वळले, मला जिन्यावर पाहिलं, माझ्या हातातली रिकामी बाटली पाहिली.

"नमुना न्यायचा होता ना तुला?" ते थेट मलाच म्हणाले. "मग घे की. हितं काय उभा हाईस?"

मी पुढं जाऊन नमुना घेतला आणि खाली आलो.